ऍसिड स्लरी सोडून ग्लुकोसाइड वापरलं, भांड्याचं लिक्विड पाण्यासारखं पातळ होतंय

नमस्कार. कोल्हापूरजवळ आमचा बचत गट आहे, चार वर्षं भांड्याचं लिक्विड करतोय. ऍसिड स्लरी (डिटर्जंटचा आम्लधर्मी कच्चा माल) कॉस्टिक सोड्याने न्यूट्रल करायची, थोडं एसएलईएस (फेस आणणारं दुसरं रसायन) आणि मग मीठ टाकून घट्ट. पण सगळं पाणी गटारातून थेट ओढ्याला जातं आणि तिथला फेस बघितला की जीव तुटतो, म्हणून डेसिल ग्लुकोसाइड (साखरेपासून केलेलं फेसाचं रसायन) मागवलं, स्लरीइतकंच टाकलं. फेस येतो पण लिक्विड पातळ, मीठ कितीही टाका घट्ट होईना, वर हाताला चुरचुरतं. साखरेपासूनचं असून चुरचुरतं कसं?

उत्तर १
ताई, चुरचुर पीएचची आहे. कॅनमधला माल पीएच 11-12 च्या आसपास असतो. लिंबूसत्व पाण्यात विरघळवून थोडं थोडं टाका, पट्टीवर 6-7 आलं की थांबा, आणि मग प्रिझर्व्हेटिव्ह घालाच, नाहीतर आठवड्यात वास मारेल. स्लरी 90 टक्क्यांच्या वर ऍक्टिव्ह (म्हणजे प्रत्यक्ष साफ करणारा माल) असते, ग्लुकोसाइड साधारण 50, म्हणजे तुम्ही निम्माच माल टाकलात. मीठ एसएलईएसला घट्ट करतं कारण त्याच्या रेणूवर विद्युतभार असतो, ग्लुकोसाइडवर तो नाहीच. झँथन गम (पाणी घट्ट करणारी पावडर) घ्या, आधी ग्लिसरीनमध्ये कालवा म्हणजे गुठळ्या होणार नाहीत.

उत्तर २
स्लरीबद्दल एक सांगतो. 1950-60 च्या काळात युरोप-अमेरिकेत नद्यांवर फेसाचे ढीग साचायचे कारण तेव्हाच्या डिटर्जंटच्या रेणूतली कार्बनची साखळी फांद्यांची होती, जिवाणूंना ती तोडता यायची नाही, म्हणून सरळ साखळीचं आलं, आजची स्लरी तीच. पण तिला तुटायला हवा लागते, काळ्या तुंबलेल्या गटारात ती तशीच राहते. ग्लुकोसाइड हवेशिवायही तुटतं, म्हणून तुमच्या ओढ्यासाठी ते खरंच चांगलं. फक्त त्याच्या रेणूची शेपटी (तेलकट चिकटणारा भाग) खोबरेल किंवा पामच्या बियांच्या तेलातून येते, कुठल्या तेलाची ते सप्लायरला विचारा, जंगल तोडून लावलेला पाम नको. शेंगदाणा-सोयाबीनची शेपटी 18 कार्बनची, फार लांब पडते, फेस नीट येत नाही.

उत्तर ३
रिठा का नको? त्यातलं फेस आणणारं सॅपोनिन आपल्याच झाडाचं.

उत्तर २
रिठ्याचं पाणी तीन-चार दिवसांत आंबतं हो, आणि तुपकट भांड्याला कमी पडतं. पावडर करून विका, ती टिकते.

मूळ प्रश्नकर्ती
लिंबूसत्वाने चुरचुर गेली! खूप आभार दादा. आता झँथन किती टक्के, अर्धा टक्का पुरेल का? वीस लिटरची बॅच आहे, सोमवारी करतोय.