अडेनियम पावसात ठेवावं की पत्र्याखाली?

गच्चीकर, पुणे: जून लागला की एकच सल्ला ऐकू येतो: अडेनियम (फुगीर बुंध्याचं फुलझाड) आत घ्या, पाणी तोडा. मला तो मान्य नाही. हे झाड साहेलमधलं (आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा), तिथेही ते पावसातच पानांवर येतं. बुंधा कुजतो तो कुंडीत साचलेल्या पाण्याने. म्हणून कुंडीत भरायचं मिश्रण असं: विटेचे ४ ते ६ मिमीचे तुकडे ३ भाग (चुरा चाळून काढा, नाहीतर चिखल होतो), धुतलेली जाड वाळू १ भाग, मुरलेलं शेणखत १ भाग. कुंडी पसरट, खाली बशी नको, विटांवर उचललेली. वरून ओतलेलं पाणी लगेच खालून वाहायला लागलं पाहिजे.

वसईची बाग: पुण्यात जमेल, आमच्याकडे नाही. मुंबईच्या पट्ट्यात चार महिन्यांत २,००० मिमीच्या वर पाऊस, आणि आठ-आठ दिवस ऊन नाही. ऊन नसलं की पानं पाणी ओढत नाहीत आणि तुमची वीटही ओलीच राहते. त्यात दुहेरी पाकळ्यांची बहुतेक झाडं कलमी. जोडाच्या फटीत पाणी मुरलं की कूज तिथूनच खाली उतरते. रोपवाटिकेतल्या कोकोपीटसकट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पावसात ठेवलेलं रोप तर हमखास जातं. वर पारदर्शक पत्रा, बाजू मोकळ्या. हिरवी जाळी नको. पाऊस अडत नाही, ऊन मात्र अडतं.

गच्चीकर, पुणे: कोकोपीटचं बरोबर, पण ते फेब्रुवारी-मार्चमध्येच काढायचं. कापलेली मुळं ५-७ दिवस सावलीत सुकवा, बुंधा २-३ सेमी वर घेऊन लावा, पहिलं पाणी आठवड्याने. जूनमध्ये कुंडी बदलली तर जखमा भरत नाहीत आणि दोष पावसाला. पत्र्याखाली फांद्या लांबतात, शिवाय पानं धुतली जात नाहीत म्हणून लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) वाढतो.

नाशिककर: आधी बुंधा दाबून बघा. सगळीकडून सारखा मऊ आणि माती कोरडी असेल तर झाड तहानलेलं आहे. एकाच जागी बोट रुतलं तर कूज. त्याच दिवशी उपटा, पांढरा गर लागेपर्यंत कापा, दर कापाला सुरी स्पिरिटने पुसा. तपकिरी ठिपका राहिला की कूज परत येते. वर बुरशीनाशकाचा लेप आणि दहा दिवस कोरडं. चीक विषारी आहे, हातमोजे घालाच.

वसईची बाग: जुलैच्या दमट हवेत दहा दिवसांत तो काप सुकत नाही, उलट त्यावर बुरशी येते. म्हणून म्हणते, पत्रा मेअखेरीसच चढवा. लाल कोळ्यासाठी आठवड्यातून एकदा सकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा, माती भिजू न देता.