महापुराची तयारी घराघरात की मंत्रालयात? (शिरोळ आणि कृष्णाकाठ)

काठावरचा:
मृग निघाला की आमच्या शिरोळ तालुक्यात पारावर एकच विषय, अलमट्टी. कृष्णेवरच्या या धरणाची ५१९.६० मीटरची उंची ५२४.२५६ करायचा कर्नाटकचा घाट, त्यानं पाणी मागं आमच्याकडं फुगेल ही भीती, त्यावर निवेदनं, मोर्चे. बोलायलाच हवं, मीही बोलतो. पण त्याच पारावर विचारून बघा, यंदा पाणी चढलं तर घरातल्या म्हातारीला कोण उचलणार, जनावरं कुठं नेणार, गॅसची टाकी कुठं ठेवणार? सगळे आभाळाकडं बघतात.

आपला पूर सांगून येतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला तो क्षणात आला. आपल्याकडं तसं नाही. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला की पाच मिनिटांत मोबाईलवर बातमी. एवढा वेळ हातात असून २०१९ ला माणसं माडीवर चढून बोटीची वाट बघत बसली. का? तर २००५ ची खूण. भिंतीवर बोट ठेवून सांगायचे, 'पाच साली इथंवर आलं होतं, त्याच्या वर जात नाही.' आयर्विनला २००५ मध्ये ५३-५४ फुटांत थांबलेलं पाणी २०१९ मध्ये ५७ च्या पुढं गेलं. त्या तीन-चार फुटांनी गावंच्या गावं अडकवली.

म्हणून माझी सूचना आहे. प्रत्येक घरानं आपला एक आकडा आधीच ठरवावा. या फुटाला म्हातारी माणसं आणि पोरं बाहेर, या फुटाला जनावरं, या फुटाला मेन स्विच पाडून कुलूप. पाऊस पडत असताना ठरवायला बसलं की घरात चार मतं होतात आणि रात्र निघून जाते. बाकी रेशनकार्ड, पासबुक, बीपी-शुगरच्या गोळ्या एका पिशवीत घालून खुंटीला. टाकी रेग्युलेटर काढून साखळीनं बांधायची, नाहीतर ती तरंगत कुठं जाईल सांगता येत नाही. याला ना मंत्रालय लागतं ना जागतिक बँकेचं कर्ज.

लाल रेषा:
लेख वाचायला गोड आहे, पण रोख चुकीच्या माणसावर आहे. 'नागरिकांनी स्वतःची काळजी घ्यावी' हे ऐकलं की सरकारी कचेरीत सगळ्यात जास्त आनंद होतो.

नदीकाठी सरकारनं पूररेषा आखल्यात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. निळ्याच्या आत बांधकामाला मनाई. तरी आत घरं उभी राहिली, वीज मीटर मिळाले, घरपट्टी वसूल झाली. महामार्गाचे आणि पुलांचे भराव पाण्याला आडवे पडले, ते काय माझ्या आजीनं टाकले? चिखली-आंबेवाडीला १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या, तरी निम्मं गाव अजून जुन्या जागेतच. हे प्रश्न सोडून तुम्ही टाकीला साखळी बांधा म्हणता.

आणि तुमच्या आकड्याचं एक सांगतो. राजारामचा फूट कोल्हापूरसाठी ठीक आहे, कुरुंदवाडला तो उपयोगाचा नाही. कृष्णा फुगलेली असली की नरसोबावाडीच्या संगमावर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, ते मागं तुंबतं. वर राजारामला पाणी उतरताना दिसत असतं आणि खाली गल्लीत चढत असतं. मग घरातल्या माणसानं कुठल्या पट्टीवर विश्वास ठेवायचा? हे शास्त्र पाटबंधारेवाल्यांनी गावागणिक मांडून द्यायचं असतं.

म्हशीवाला:
दोघं बी शिकल्याली माणसं हाय, पर गोठ्यातलं कुणीच बोलंना. माणूस घर का सोडत न्हाई? म्हशीपायी. चार म्हशी, एक रेडकू, वासरू. दुधाचा हप्ता त्यांच्यावर, कर्जाचा हप्ता बी त्यांच्यावर. तहसीलातनं येऊन 'चला चला' म्हणत्यात, बोटीत म्हस घेत्यात काय?

एकोणीसला कारखान्याच्या आवारात छावणी झाली म्हणून जमलं, न्हाईतर काय खरं नव्हतं. पर तितं न्यायचं कसं? ट्रॅक्टर-ट्रॉलीला दिवसभर नंबर लागंना, आन् नंबर लागला तवा रस्त्यावर पाणी. म्हस पाण्याला भेत न्हाई, ती ट्रॉलीच्या फळीला भेत्या. रेडकू आधी वर चढवायचं, मग आई आपसूक मागनं येत्या. हे ज्याला ठावं हाय त्योच म्होरं आसला पायजे. पोरं काठ्या मारत बसली की दोन तास एकाच म्हशीत जात्यात.

काठावरच्याचं एक पटतंय, तयारी आधीच पायजे. दावं कापायला कोयता गोठ्यातच आढ्याला खोवून ठेवायचा. रात्रीत पाणी आलं की वल्ली गाठ सुटत न्हाई, जनावर खुट्याला बांधल्यालं मरतंय. पोहलं आसतं तर जगलं आसतं.

माहेर औरवाड:
म्हशीवाले दादा, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचं पण सांगा ना. बिल्ला नसेल तर जनावर वाहून गेल्यावर भरपाई मिळत नाही, आणि अजून कितीजणांनी मारून घेतलेला नाही. दुभत्या जनावराला केंद्राच्या निकषानं ३७,५०० मिळतात. आजच्या मुऱ्हा म्हशीच्या किमतीत ते निम्मे पण नाहीत, पण बिल्ल्याविना तेही गेले.

आता माझा मुद्दा. 'प्रत्येक घरानं ठरवावं' म्हणजे कुणी? पिशवी भरायची बाईनं, गोळ्या लक्षात ठेवायच्या बाईनं, धान्य माळ्यावर चढवायचं बाईनं, आणि 'अजून एक दिवस बघू' म्हणायचं पुरुषानं. माझ्या वहिनीनं दोन दिवस आधीच गाठोडी बांधली होती. घरातला शब्द होता, नरसोबावाडीच्या दत्त मंदिरात अजून दक्षिणद्वार झालं नाही, तू कशाला घाबरतेस. झालं तेव्हा निम्मी मंडळी आंघोळीला गेली! देवाच्या दक्षिण दारातून पाणी गेलं की आपल्याकडं तो सोहळा असतो, इशारा नसतो.

लोक निवारा केंद्रात लवकर का जात नाहीत, हेही विचारा. शाळेच्या दोन खोल्यांत साठ माणसं, संडास एक, आणि त्याला कडी नाही. तरण्या पोरीला घेऊन तिथं चार दिवस आधी कोण जाईल? घराच्या तयारीइतकीच शाळेच्या संडासाची तयारी जूनमध्ये झाली पाहिजे.

नुसताच वाचक:
सरळ उंचावर घरं बांधा की. दर दोन वर्षांनी नुकसानभरपाई आम्ही करदात्यांनी का द्यायची?

म्हशीवाला:
साखर खाता न्हवं? ती उंचावर पिकत न्हाई.

काठावरचा:
नुसताच वाचक यांना उत्तर मिळालं, पुढं जातो.

लाल रेषा, भराव आणि रेषांचं तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. पण २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल २०२० ला आला. अलमट्टीमुळं पूर आला नाही असं त्यात म्हटलं, त्यावर अजून वाद चालू आहे, आणि मधल्या काळात २०२१ चा पूर येऊनही गेला. वादाचा निकाल लागेपर्यंत नदी थांबते का? मी सरकारला सोडा म्हणत नाही, सरकार पोचेपर्यंतचे दोन दिवस म्हणतोय. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. शेवटच्या घटकेला सगळं गाव एका बोटीवर आलं की काय होतं, ते तिथं दिसलं.

लाल रेषा:
ब्रह्मनाळचं उदाहरण तुम्ही द्यायला नको होतं. ती गावातलीच बोट होती, बचाव दलाची नव्हती. गावानं आपल्या परीनं केलेली तयारी म्हणतात ती हीच. लाईफ जॅकेट नाहीत, बोट किती माणसं पेलते हे कुणी ठरवलेलं नाही. घरानं आणि गावानं स्वतः करायचं म्हटलं की शेवट असा होतो. आपदा मित्र म्हणून पोरांना बचावकार्य शिकवतात, चांगली योजना आहे. पण शिकलेला पोरगा पुण्याला नोकरीला गेला की गावात कोण उरतं, याची नोंद कुठं आहे?

अजून एक. आधी घर सोडलेल्याला आपली व्यवस्था शिक्षाच देते. २०१९ मध्ये मोफत धान्याच्या आदेशात दोन दिवस घर पाण्यात असल्याची अट होती, आठवतं? शहाण्यासारखं आधी निघून गेलेल्या माणसाचं कुलूप बघून पंचनामेवाले पुढं जातात. भाडेकरूचं तर विचारूच नका, भिजलेलं सामान त्याचं आणि यादीत नाव घरमालकाचं. लोक अडाणी नाहीत, त्यांचा हिशोब बरोबर आहे. हिशोब बदला, लोक बदलतील.

माहेर औरवाड:
हे मात्र खरं. चोरीचं पण धरा त्यात. मागच्या दोन्ही पुरांत आमच्या गल्लीत प्रत्येक घरी एक पुरुष माडीवर मागं राहिला, तो भांडी आणि मोटर राखायला. पुढं त्याच्यासाठीच बोट फिरवावी लागली. गस्तीला दोन होड्या ठेवल्या असत्या तर दहा माणसं आधी निघाली असती.

काठावरचा:
पंचनाम्याच्या बाबतीत घरानं करता येण्यासारखं एक आहे. निघताना मोबाईलवर घराचा व्हिडिओ घ्यायचा. दारावरचा घर नंबर, मीटर, फ्रीज, शिलाई मशीन, कणगीतलं धान्य, बोलत बोलत. परत आल्यावर चिखलासकट पुन्हा तसाच. भाडेकरूलाही हा पुरावा होतो.

लाल रेषा:
पुरावा होतो, अधिकार होत नाही. पण घ्या, नुकसान काही नाही.

म्हशीवाला:
तुमचं दोघांचं चालू द्या. आमच्या गल्लीनं काय केलंय सांगतो. सात घरांत मिळून दोन ट्रॅक्टर हायत, त्येंच्या मालकास्नी आताच सांगून ठिवलंय, डिझेल आमचं, पर ट्रॉली पयली गल्लीला. वैरण वरच्या माळावर पावण्याच्या शेतात, मुरघासाच्या पिशव्या. फुटाचं म्हणाल तर राजाराम-बिजाराम आमास्नी कळत न्हाई. वड्याच्या मोरीला पाणी लागलं की म्हशी निघाल्या. म्हातारा न्हाय म्हणतोय, त्येला अजून पाच सालचीच खूण दिसत्या. त्येला कोण समजावून सांगंल तेवढं बघा.

माहेर औरवाड:
रेडकू आधी ट्रॉलीत चढवा म्हणालात ना दादा? नातू आधी चढवा.