सोसायटीच्या भिंतीवर पालघाट कशाला?

डहाणूरोड: काल इथे एकांनी सोसायटीच्या कुंपणभिंतीचा फोटो टाकला. ६० फुटी वारली चित्र, वर मथळा 'निसर्ग आणि अध्यात्माचा संगम'. तारपा नाच ठीक आहे. पण फाटकाजवळ चक्क देवचौकाची चौकट, आत लग्नाची देवी पालघाट, बाजूला पाच डोक्यांचा देव पंचशिऱ्या आणि त्याला टेकवलेली स्कूटर! चौक लग्नाचा असतो. घरात, गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने सवाशिणी काढतात, लग्न लावणारी धवलेरी गाते. त्याशिवाय आम्हा वारल्यांत लग्न लागत नाही. तुमचा अंतरपाट कुणी स्कूटरवर टाकला तर चालेल?

मुलुंडकर: फोटो माझाच. त्या भिंतीवर लोक मुतायचे, देवांच्या टाइल्स लावूनही थांबले नाहीत. आता थांबलेत. पोरांनी सुट्टीत राबून रंगवलंय. आणि परंपरा म्हणाल तर वारली चित्रकार जिव्या सोमा मशे पुरुष होते, लग्न नसतानाही काढायचे, तेही कागदा-कापडावर. १९८९ ला पॅरिसच्या पाँपिदू सेंटरला त्यांचं काम गेलं, २०११ ला पद्मश्री मिळाली. तेव्हा नाही कुणी हरकत घेतली!

डहाणूरोड: मशेंच्या आडून बोलू नका. त्यांचं मासेमारीचं जाळं बघितलंय? कापडभर पसरलेलं, केसासारख्या रेषा, जाळ्याचं एक घर दुसऱ्यासारखं नाही. तुमच्याकडे एकच बाई स्टेन्सिलने ओळीत छापलीय. सगळ्यांचे अंबाडे एकाच बाजूला!

पेठेतला: २०१४ ला वारली चित्रांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ना? मग ठोका केस 😀

गेरू: स्टेन्सिलचं सोडा, आमच्याकडे भिंत उरलीय कुठे? माझं माहेर तलासरीकडे. कारवीच्या कुडाचं घर पाडून घरकुल झालं. भावाच्या लग्नात काकीने सिमेंटवर शेण-गेरू सारवला, वाळला तसे पोपडे सुटले. शेवटी प्लायवूडवर चौक काढून भिंतीला टेकवला.

पेठेतला: म्हणजे तुमच्या कलेसाठी आदिवासींनी कुडातच राहायचं का?

गेरू: मीच आदिवासी आहे, मला काय शिकवता? पावसात गळतीखाली टोपं मांडून रात्री काढल्यात आम्ही. घरकुल हवंच होतं. एक भिंत मातीची राहू द्या एवढंच म्हटलं, तर साहेब म्हणाले, नकाशात बसत नाही.

सह्यकडा: बांधकामातला आहे म्हणून सांगतो. गुळगुळीत गिलाव्यावर शेणमाती टिकत नाही. एक भिंत आतून बिनगिलाव्याची ठेवा, विटांच्या सांध्यांत माती धरते.

गेरू: गिलावा नाही म्हणजे काम अपुरं, मग शेवटचा हप्ता अडकतो, दादा. आमच्या पाड्यात अडकलाय.

सह्यकडा: हे मात्र खरं. आमच्या बिलांचंही तेच.

डहाणूरोड: विषय चौकाचा चालला होता.

गेरू: भिंतीचाच आहे. आणि प्लायवूडवर देवी आली तर सोसायटीत का नाही, असं आता ते विचारणार बघा.

मुलुंडकर: तेच टाइप करत होतो 😀 बरं महाराज, चौकावर गेरू फासतो, तेवढं मान्य. नाच राहणार. अंबाडे तुम्हीच येऊन सुधारा, पोरं शिकतील तरी.

डहाणूरोड: मानधन किती ते आधी इथे लिहा. मागे एका सोसायटीने दिवसभर राबवून वडापाववर बोळवण केली होती.