६.५ मीटरशी फाइल का संपते?

विहीरवाला
गावाकडच्या विहिरीत पाणी किती खोल गेलंय ते आमचे अण्णा रोज दोर सोडून मोजतात. दोराला पाव-पाव मीटरवर गाठी, त्यामुळे आकडे ३.२५, ३.५ असेच. १ ऑक्टोबरपासून वर्षभराच्या ३६५ नोंदी मी घरी लिनक्सवर सी प्रोग्रॅमने डबलमध्ये (एका आकड्याला ८ बाइट), बायनरी, म्हणजे मजकूर न करता कच्च्या बाइटमध्ये लिहिल्या. फाइल २९२० बाइट, हिशेब चोख. तीच ऑफिसच्या विंडोजवर नेली तर एफ-रीड (सीचं फाइल वाचणारं फंक्शन) १४१ नोंदी वाचून गप्प. वाचलेल्या सगळ्या बरोबर! १४२वी नोंद १९ फेब्रुवारीची, ६.५ मीटर. दोन रात्री गेल्या यात.

नवा गडी
एंडियनचा, म्हणजे बाइटच्या क्रमाचा घोळ. बाइट उलटे करून बघा.

जुनं खोड
काही उलटं करू नका. क्रम चुकला असता तर पहिलीच नोंद कचरा आली असती. फाइल वाचायला नुसत्या ‘आर’ मोडने उघडलीत ना? विंडोजवर तो टेक्स्ट मोड. त्यात १ए (हेक्समध्ये, म्हणजे १६च्या पायावर लिहिलेला) बाइट दिसला की फाइल संपली असं धरतात, डॉसच्या जमान्यातला कंट्रोल-झेड. आणि डबलमधला ६.५ म्हणजे हेक्समध्ये ४०१ए, पुढे नुसती शून्यं. अण्णांनी नेमकी तीच गाठ गाठली! ६.५ पासून ६.७५ च्या आतला कुठलाही आकडा असाच अडकेल. ‘आरबी’, म्हणजे बायनरी मोड करा.

विहीरवाला
चाललं, ३६५! पण आता उलटं करून पाहिलं. विंडोजवर लिहिलेली फाइल २९३१ बाइट भरली. हे ११ कुठले?

जुनं खोड
पाणी ३.२५ वर किती दिवस होतं ते मोजा. ३.२५ म्हणजे ४००ए. ०ए ही ओळ संपल्याची खूण, टेक्स्ट मोड तिच्याआधी ०डी घुसवतो. तिथून पुढचं सगळं एक बाइट सरकतं. लिहिताना ‘डब्ल्यूबी’. आणि लाँग डबलच्या (डबलचा मोठा भाऊ) वाटेला जाऊ नका, ६४ बिट इंटेल लिनक्सवर तो १६ बाइट, व्हिज्युअल सीमध्ये ८.

जर्मनीतली ताई
मी सरळ टेक्स्टमध्ये लिहिते, १७ सार्थ अंक, डबल जसाच्या तसा परत मिळतो. पण इथे दशांशाला स्वल्पविराम. प्रोग्रॅमने मशीनचं लोकेल (देशानुसार आकडे लिहायची सेटिंग) उचललं की स्ट्रटॉड (मजकुराचा आकडा करणारं सीचं फंक्शन) ६.५ मधला ६ घेतो आणि टिंबाशी थांबतो, तक्रारसुद्धा करत नाही. वाचण्याआधी लोकेल ‘सी’ (दशांशाला टिंबवालं) करून घ्या.

विहीरवाला
मोजलं. ३.२५, बरोब्बर अकरा दिवस. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “मग त्या दिवशी दोर जरा ढिला सोडू का?”