मदत हवी आहे: आईला आमवात, घरी करता येतील असे हलके व्यायाम सांगा (कोल्हापूर)

मंगळवारपेठकर
नमस्कार मंडळी. आईला वाताचा त्रास आहे, डॉक्टरांनी "हलका व्यायाम करा" एवढंच सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आता हलका म्हणजे काय, किती, कधी, काहीच नाही. मी तिला पहाटे रंकाळ्यावर चालायला घेऊन जायला लागलो तर दुसऱ्या दिवशी तिला बिछान्यातनं उठता येईना आणि आता सगळं घर माझ्यावर ओरडतंय की तूच तिला जास्त आजारी पाडलास. गूगल करून बघितलं, सगळीकडं तेच तेच. व्हॉट्सअपचे व्हिडिओ पाठवू नका प्लीज, आईच्या भिशी ग्रुपवर पन्नास येऊन पडलेत. घरी करता येतील असे व्यायाम सांगा. जरा लवकर.

कसबा_बावडा_बॉय
वय किती? कुठं दुखतंय? गुडघे का?

तालीमवाला
भावा, आमच्या आज्जीनं सत्तरीत पण रोज बैठका मारल्या. लाल माती, म्हशीचं दूध आणि तूप, बाकी काय लागत न्हाई. आजकालच्या माणसांची हाडंच कच्ची झाल्यात.

मंगळवारपेठकर
वय ५६. सांधे दुखतात, वात आहे सांगितलं की वर.

निवृत्त_मास्तर
माझ्या पत्नीचे दोन्ही गुडघे गेल्या वर्षी बदलून घेतले. ऑपरेशनला अजिबात घाबरू नका. दुसऱ्या दिवशी वॉकरवर चालवतात. मेडिक्लेममध्ये काय बसतं काय नाही ते मला सगळं माहीत आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फक्त रूम भाड्याची मर्यादा आधी बघून घ्या, तिथं फसायला होतं.

सुगरण_कोल्हापूर
मास्तर, त्यांनी ऑपरेशनचं विचारलंच नाही हो 😄

आमवाती_ताई
भाऊ, मला स्वतःला आरए (रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात) आहे बरीच वर्षं, म्हणून विचारते, नीट उत्तर द्या. हाताची बोटं, मनगटं सुजतात का? दोन्ही हातांना एकदम? सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात? रक्तात आरए फॅक्टर, अँटी सीसीपी (आमवाताच्या टेस्ट) काय आलं? गोळ्या कुठल्या? कारण गुडघ्याची झीज वेगळी आणि हे वेगळं. झिजेत सांधा वापरून दुखतो, सकाळचं आखडणं थोड्या वेळात सुटतं. आरएमध्ये शरीरच स्वतःच्या सांध्यावर उलटतं, सूज येते आणि सकाळचा तास दोन तास हात उघडतच नाहीत. दोन्हीचा व्यायाम एक नाही. लोक सगळ्याला "वात" म्हणतात आणि मग एकाचा उपाय दुसऱ्याला चिकटवतात.

मंगळवारपेठकर
हो ताई, बोटं आणि मनगटं, दोन्हीकडं. सकाळी चहाचा कप पण धरता येत नाही, दहा वाजेपर्यंत असंच असतं. गॅसचं बटण मी फिरवून देतो. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आहे, दुसरी टेस्ट पण पॉझिटिव्ह, नाव आठवत नाही. रविवारी एक गोळी आहे आणि बाकीची रोजची. पण मी व्यायाम विचारलाय, रिपोर्ट नाही.

आमवाती_ताई
दहा वाजेपर्यंत हात आखडलेले असतात आणि तुम्ही पहाटे साडेपाचला तिला रंकाळ्यावर नेता! अहो, तीच तर तिची सगळ्यात वाईट वेळ. गावातली सगळी माणसं पहाटे चालतात म्हणून आपणही चालायचं असं काही नाही. मी अकरा वाजता, गरम पाण्यानं आंघोळ झाली की हातपाय हलवते आणि चालायला संध्याकाळी पाचनंतर.

आणि ती रविवारची गोळी मेथोट्रेक्सेट असणार. ती आठवड्यातून एकदाच असते, घरात कुणी चुकून रोज देऊ नका, फार घातक आहे ते. सोबत फॉलिक अ‍ॅसिड दिलं असेलच. रक्त ठरल्या वेळी तपासायचं.

आयुर्वेद_प्रेमी
अ‍ॅलोपॅथीनं हे बरं होत नाही, नुसतं दाबून ठेवतात. रोज रात्री तिळाच्या कोमट तेलानं सांध्यांना मालिश करा, चांगलं जिरवा. व्यायामाची गरजच पडणार नाही.

वैद्यबुवांची_सून
आयुर्वेदाच्या नावानं काहीपण लिहू नका हो. आमच्या घरात तीन पिढ्या वैद्यकी आहे. आमवातात सांधा सुजलेला, गरम असताना तेल लावायचंच नसतं, उलट आम (अपचनानं अंगात साठलेला दोष) वाढतो म्हणतात. तिथं कोरडा शेक, वाळूची पोटली. सासरे तर पेशंटनं तेल चोळलंय कळलं की रागवायचे. आणि ते स्वतः सांगायचे, चालू असलेल्या गोळ्या मनानं बंद करू नका.

आयुर्वेद_प्रेमी
माझ्या आत्याला तेलानंच फरक पडला.

वैद्यबुवांची_सून
आत्याला आमवात होता का गुडघेदुखी?

आयुर्वेद_प्रेमी
सांधेदुखी होती. सगळं एकच.

फिजिओ_शाहूपुरी
मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट न बघता ऑनलाइन प्रोग्रॅम देत नाही, पण सर्वसाधारण सांगतो.

आधी एक ठरवा, आज सांधा सुजलाय, गरम लागतोय का? असेल तर त्या दिवशी जोर लावायचा नाही. तो सांधा जेवढा सहज हलतो तेवढाच हळू हलवायचा, एक-दोनदा, आखडू नये म्हणून. अजिबात न हलवणं पण चूक, आठवडाभर झोपून राहिलं तर स्नायू उतरतात आणि सांध्यावर आणखी भार येतो. पूर्वी आरएला नुसती विश्रांती सांगायचे, आता कुणी सांगत नाही.

सूज उतरलेली असेल तेव्हा: हात थोडा वेळ कोमट पाण्यात. मग हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकवायचा, पंजा पालथा, बोटं सरळ. आता एकेक बोट अंगठ्याच्या दिशेला सरकवायचं, आधी तर्जनी, मग मधलं, असं करंगळीपर्यंत. आरएमध्ये बोटं करंगळीकडं वळत जातात म्हणून उलट्या दिशेला सरकवायची. मग मूठ, पण सैल, आत अंडं आहे असं समजून. मग अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा. मनगट टेबलाच्या कडेवरनं खाली सोडून वर उचलायचं. सगळं पाच-पाच वेळा, बस. पायासाठी खुर्चीत बसून गुडघा सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा. खांद्यासाठी उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरून डोक्याकडं न्यायची, जाईल तेवढीच.

प्रमाण कळायला सोपा नियम: व्यायाम झाल्यावर दोन तासांनी पण दुखणं आधीपेक्षा जास्तच असेल, तर पुढच्या वेळी कमी करायचं. बंद नाही, कमी.

कसबा_बावडा_बॉय
स्माइली बॉल दाबला तर? मेडिकलमध्ये मिळतो.

फिजिओ_शाहूपुरी
बोटांची मुळं सुजलेली असताना बॉल करकचून दाबायचा नाही, तिथल्या सांध्यावर ताण येतो. ताकदीचे व्यायाम आहेत, होतात, पण कुणीतरी हात बघून शिकवायला पाहिजेत. ब्रिटनमध्ये सारा नावाचा अभ्यास झाला, आरएच्या ४९० पेशंटवर, २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. सात लवचिकतेचे आणि चार ताकदीचे हाताचे व्यायाम, थेरपिस्टनं शिकवून मग घरी करायचे. नेहमीच्या उपचारांबरोबर हे केलं त्यांचे हात वर्षभरानं जास्त चांगले चालत होते. औषध चालू ठेवून, हे महत्त्वाचं.

योगसाधक
हे सगळं आपल्याकडं हजारो वर्षांपासून आहे. रोज सकाळी सर्वांगासन, हलासन आणि मानेचे गोल व्यायाम. रक्ताभिसरण सुधारलं की वात पळून जातो. मी आठवड्याचा मोफत वर्ग घेतो टाऊन हॉलच्या बागेत, पहाटे सहा.

आमवाती_ताई
परत पहाटे 🙏

फिजिओ_शाहूपुरी
योगसाधक, सर्वांगासन आणि हलासन आरएच्या पेशंटला असं उघडपणे सांगू नका, हात जोडून सांगतो. मंगळवारपेठकर, आईंची मान दुखते का? डोक्याच्या मागं, वरच्या भागात? हातांना मुंग्या?

मंगळवारपेठकर
मान दुखते तिची, ते जुनंच आहे. आम्ही उशी बदलली. मुंग्या येतात कधीकधी, हातातलं भांडं पडतं. पण बोटंच वाकडी आहेत म्हटल्यावर भांडं पडणारच ना. व्यायामात मानेचा काय संबंध?

फिजिओ_शाहूपुरी
संबंध आहे. जुन्या आरएमध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारे लिगामेंट सैल होऊ शकतात. मग मान पुढं वाकवली की मणका सरकून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. सगळ्यांना होत नाही, घाबरवत नाही. पण मान दुखणं, मुंग्या, हातातलं सुटणं हे एकत्र असलं तर उशीवर सोडून द्यायचं नाही. ज्यांनी आरएची ट्रीटमेंट चालू केली त्यांना दोन-चार दिवसांत दाखवा आणि "मान वाकवून तिचा एक्सरे काढायचा का" असं स्पष्ट विचारा. तोपर्यंत मानेचा कुठलाही व्यायाम नाही, मालिश नाही, गावाकडं कुणी मान "काढून" देतो म्हणाला तर बिलकूल नाही. चालताना झोक जायला लागला किंवा लघवीवर ताबा गेला तर त्याच दिवशी दवाखाना.

योगसाधक
माझ्या वर्गात कुणालाही काही झालेलं नाही.

वैद्यबुवांची_सून
तुमच्या वर्गात एक्सरे काढून घेता का आधी?

तालीमवाला
भांडू नका राव. मी तर मिसळ खायला आलो होतो ह्या धाग्यावर, नाव कोल्हापूर बघून.

सुगरण_कोल्हापूर
भाऊ, मी स्वयंपाकघराचं सांगते, तेपण व्यायामात धरा. माझ्या जावेला हेच आहे. भाकरी थापणं बंद करा, एका तळहातावर सगळा मार बसतो, पोळपाटावर प्लास्टिकच्या कागदात दाबून करा नाहीतर विकत आणा, आपल्याकडं घरगुती भाकरी करून देणाऱ्या मावश्या गल्लोगल्ली आहेत. कढई एका हातानं उचलायची नाही, दोन्ही तळव्यांनी. कपडे पिळायचे नाहीत, नळाला गुंडाळून पिळ दिला की झालं. लाटण्याला, सुरीला, चमच्याला जुनं कापड नाहीतर फोम गुंडाळून मूठ जाड करा, बारीक मूठ धरली की बोटं जास्त आवळावी लागतात.

मंगळवारपेठकर
भाकरी बंद म्हटलं तर आईच मला घराबाहेर काढेल. पण मूठ जाड करायचं आजच करतो. बरं मग चालणं बंद का चालू?

आमवाती_ताई
चालू, पण संध्याकाळी, सपाटीवर, आधी पाच-दहा मिनिटं आणि परत. रंकाळ्याची आख्खी फेरी नको, जिथनं दमली तिथनं परत येणं पण तेवढंच लांब पडतं. विद्यापीठात झाडी चांगली आहे पण चढ आहे तिकडं. घराजवळच्या गल्लीत चाला की. पायात काय असतं चालताना?

मंगळवारपेठकर
चप्पल. कोल्हापुरी, दुसरं काय असणार.

आमवाती_ताई
देवा! तळ कडक, अंगठा पुढच्या पट्ट्यात, टाच मोकळी. आरएमध्ये पायाच्या बोटांची मुळं पण सुजतात, चवड्यात खडा टोचल्यासारखं दुखतं. मऊ जाड तळाचं, पुढं रुंद, मागं पट्टा असलेलं काहीतरी घ्या.

तालीमवाला
कोल्हापुरीला नावं ठेवायची न्हाईत! माझ्या आजोबानं जन्मभर तीच घातली, कर्रकर्र वाजत जायची.

कसबा_बावडा_बॉय
आजोबांना आमवात होता का

तालीमवाला
न्हवता. पण मुद्दा तो न्हाई.

पन्हाळ्याचा_पाऊस
पाण्यातले व्यायाम कुणीच सांगितले नाहीत? पाण्यात अंगाचा भार सांध्यावर येत नाही. अंबाई टँकला विचारून बघा बायकांची बॅच कधी असते. पोहायला यायची गरज नाही, छातीएवढ्या पाण्यात कठड्याला धरून चालायचं.

आमवाती_ताई
कोमट पाणी असेल तर सोन्याहून पिवळं. गार पाण्यात माझी बोटं आखडतात, थंडीत तर विचारूच नका. आणि मानेचं कळल्याशिवाय पोहणं नकोच.

मंगळवारपेठकर
अपडेट. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं मान आधी बघू, गुरुवारी बोलावलंय, एक्सरे तिथंच काढतील. तोपर्यंत फक्त हाताचे आणि खुर्चीतले. काल अकरा वाजता टेबलावर बोटं सरकवायचं करून बघितलं, मधलं बोट सरकतच नव्हतं, आईला हसू आलं, म्हणाली हे माझं बोट नव्हेच. संध्याकाळी जास्त दुखलं नाही. बुटांना मात्र साफ नाही म्हणाली, नऊवारीवर बूट घालून रंकाळ्यावर गेले तर भिशीच्या बायका काय म्हणतील. कुणी सँडलसारखं काही वापरतं का, ज्याला बक्कल लावावी लागत नाही?

आमवाती_ताई
वेल्क्रोचे सँडल मिळतात, तळव्यानं दाबून लागतात. आईंना घेऊनच जा, दुपारी नाहीतर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हाच माप बरोबर कळतं. आणि दुकानात चालून बघू दे.

निवृत्त_मास्तर
मेडिक्लेमचं कुणी विचारलं नाही तरी सांगून ठेवतो, फिजिओची बिलं जपून ठेवा. काही पॉलिसींत ॲडमिट झाल्यानंतरचा खर्च मिळतो.

गुडघा_स्पेशल
धागा वरवर वाचला. आईंचं वजन किती आहे? गुडघ्याला पट्टा बांधा आणि रोज जिने चढा, आठ दिवसांत फरक.