कन्व्हेयन्सचा मसुदा आणि बी-२०२ च्या पागोळ्या

देशपांडे (ए-४०१), ७.१२
सेक्रेटरीसाहेब, रात्री पावणेबाराला कन्व्हेयन्सचा मसुदा टाकलात. ३८ पानं, आणि रविवारी मंजुरी! पान ४ वर ‘मेसुएजेस, हेरेडिटामेंट्स अँड प्रिमायसेस’ लिहिलंय. टेलिफोन खात्यात ३४ वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार केला, असले शब्द पाहिले नाहीत. पार्किंगच्या ठरावाच्या वेळी ‘नंतर समजावतो’ म्हणालात, ते अजून समजावताय. अर्थ कळल्याशिवाय माझी सही नाही.

शिंदे (बी-२०२), ७.१५
सुप्रभात 🙏 वरून बाल्कनीत पाणी पडतंय. तिसरा दिवस. कोणी बघणार का?

सावंत (सेक्रेटरी), ७.४१
काका, नमस्कार. वकिलांचा नेहमीचा नमुना आहे. १९६३ च्या कायद्याप्रमाणे बिल्डरने सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची होती. आपल्याला २१ वर्षं झाली. आता कुठे तो तयार झालाय. आम्हीही नोकऱ्या सांभाळूनच करतोय हे सगळं.

देशपांडे, ७.४३
मी फक्त अर्थ विचारला.

रोहन (ए-१०२), ७.५०
मेसुएज म्हणजे मेसेजचं अनेकवचन 😄

फडके (सी-१०३), ८.०५
रोहन, उच्चार ‘मेसविज’. राहतं घर, त्याच्या पडव्या, अंगण, परसू सगळं धरून. जुन्या फ्रेंचमधून आलाय. हेरेडिटामेंट म्हणजे वारसाने पुढे जाऊ शकेल अशी मिळकत. खरी गंमत ‘प्रिमायसेस’ची. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता ‘वर सांगितलेलं’. दस्तात घराचं वर्णन एकदा केलं की पुढे वकील ‘द प्रिमायसेस’ एवढंच लिहीत, आपण ‘सदर’ लिहितो तसं. वाचणाऱ्यांना वाटलं घरालाच तसं म्हणतात. तोच अर्थ रूढ झाला.

नेने (बी-३०२), ८.०७
म्हणजे आपण सगळे ‘सदर’मध्ये राहतो. वा!

शिंदे (बी-२०२), ८.०८
नेने भाऊजी, ऑनलाइन आहात तर कुंड्यांखाली ताटल्या ठेवता का जरा?

पाटील (सी-२०४), ८.१५
आमच्या गावच्या खरेदीखतात ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह दरोबस्त’ असं आहे. दरोबस्त म्हणजे सगळंच्या सगळं. लहानपणी वडिलांना विचारलं, निधिनिक्षेप काय? म्हणाले, पुरलेला हंडा निघाला तर तोही घेणाऱ्याचा.

रोहन, ८.१६
आपल्याकडे खणलं तर बिल्डरचं डेब्रिज निघेल. तेही दरोबस्त.

सावंत, ८.१७
कृपया विषयाला धरून.

देशपांडे, ८.२०
विषयच हा आहे. ‘इंडेंचर’ काय? ‘विटनेसेथ’ काय? तिथे तर स्पेलिंगच चुकलंय.

फडके, ८.३१
चूक नाही हो. ‘एथ’ हा जुना प्रत्यय, हल्ली तिथे ‘एस’ येतो. ‘हा दस्त साक्ष देतो की’ एवढाच अर्थ. इंडेंचर फार सुंदर आहे. एकाच चर्मपत्रावर करार दोनदा लिहायचा, मधून वाकडातिकडा कापायचा आणि दोघांनी एकेक तुकडा न्यायचा. भांडण झालं की दोन्ही तुकडे शेजारी ठेवायचे. दाते जुळले तर कागद खरा. लॅटिनमध्ये ‘डेन्स’ म्हणजे दात. आपल्या ‘दंता’चाच भाऊबंद.

रोहन, ८.३३
काका, कन्व्हेयन्सला सरकारी मराठीत ‘अभिहस्तांतरण’ म्हणतात. बिल्डर अडून बसला तर ‘मानीव अभिहस्तांतरण’. आता बोला.

देशपांडे, ८.३४
त्याचा अर्थ कोण सांगणार?

शिंदे (बी-२०२), ८.३५
वरून बाल्कनीत पाणी पडतंय. तिसरा दिवस. कोणी बघणार का? धुतलेल्या चादरीवर मातीचे ओघळ आलेत.

नेने, ८.३९
वहिनी, मी रात्री पाणी घालतो, तेही लोटीभर. आणि विषय निघालाच म्हणून सांगतो, आमच्या हॉलमध्ये झालेलं बोलणं परवा तुमच्या भिशीत कसं पोचलं? जिन्यात आमच्या दारापाशी थांबता म्हणे.

शिंदे (बी-२०२), ८.४०
लिफ्ट बंद होती, दम लागला म्हणून थांबले. तुमचा आवाज तळमजल्यावर येतो.

फडके, ८.५२
भांडू नका, यावरही शब्द आहे. ‘ईव्ह्ज’ म्हणजे वळचण. ‘ईव्ह्जड्रिप’ म्हणजे पागोळ्या, आणि त्या जिथे पडतात तो जमिनीचा पट्टाही. इंग्लंडात केंटमधल्या ८६८ सालच्या एका सनदेत पागोळ्यांसाठी दोन फूट जागा सोडायची रीत नोंदलीय, शेजाऱ्याकडे पाणी पडू नये म्हणून. पुढे त्या पट्ट्यात उभं राहून आतलं बोलणं ऐकणारा तो ‘ईव्ह्जड्रॉपर’. तिकडे हा गुन्हा होता, १९६७ साली रद्द केला.

नेने, ८.५३
बघा. गुन्हा.

शिंदे (बी-२०२), ८.५४
रद्द झालाय, नीट वाचा. आणि आधी पाणी आलं, ऐकणारा मागून. दोन फूट तुम्ही सोडायचे होते.

पाटील, ८.५५
वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, नेनेसाहेब. ते २०२ लाच जाणार 🙏

सावंत, ९.०२
फडके मॅडम, शनिवारपर्यंत शब्दार्थांचं एक पान कराल का? मसुद्याला जोडतो.

फडके, ९.०४
करते. टाइप रोहनने करायचं.

रोहन, ९.०४
हा मेसेज डिलीट केला आहे.

देशपांडे, ९.०६
पान ४ पासून सुरुवात करा. पार्किंगचा ठरावही घ्या त्यातच.

नेने, ९.२०
कुंड्या आत घेतल्या. फोटो टाकलाय. समाधान?

शिंदे (बी-२०२), ९.३१
आभारी आहे. तरी पडतंय.

नेने, ९.३२
मग ते ४०२ चं.

४०२, ९.३३
हा मेसेज डिलीट केला आहे.