विषय: सीनायचा सेंट कॅथरिन मठ – अर्ध्या तासात होतो का?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

ईदच्या सुट्टीत इजिप्तमधल्या शर्म अल शेखला जायचं जवळपास नक्की झालंय. एक दिवस सीनायच्या वाळवंटातल्या सेंट कॅथरिन या ख्रिस्ती मठासाठी ठेवावा असं काहींनी सुचवलं. टूरवाल्यांचा बेत सगळीकडे एकच दिसतो: रात्री हॉटेलवरून निघायचं, अंधारात मूसाचा (मोशेचा) डोंगर चढायचा, सूर्योदय पाहायचा, उतरताना मठ उरकायचा आणि दुपारी परत. आपल्याबरोबर शाळकरी मुलं आहेत आणि भारतातून आलेले आई-बाबाही. कुणी जाऊन आलं असेल तर सांगा. मठ अर्ध्या तासात बघून होतो का? ज्यांना डोंगर झेपणार नाही त्यांनी यावं का?

– सहल समितीतर्फे

---

प्रेषक: वाचनालय विभाग

नमस्कार,

मी जाऊन आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी मुद्द्याचं: डोंगर नाही केला तरी चालेल, पण मठाला एक पूर्ण सकाळ द्या. रात्रभर चढून-उतरून आलेली माणसं मठात शिरतात तेव्हा पेंगत असतात. भिंतीला टेकून बसतात, बायबलमधल्या ज्या जळत्या झुडपातून देव मोशेशी बोलला म्हणतात त्या झुडपापाशी फोटो काढतात आणि बसकडे निघतात. दीड हजार वर्षं अखंड वापरात असलेली वास्तू अशी बघू नये, असं मला मनापासून वाटतं.

अखंड म्हणजे खरोखर अखंड. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात ही तटबंदी आणि आतलं चर्च बांधवलं, आणि तेव्हापासून इथली प्रार्थना थांबलेली नाही. ग्रॅनाइटच्या उंच भिंती दिसतात किल्ल्यासारख्या, आणि हेतूही तोच होता. पूर्वी तर सरळ दरवाजाने प्रवेशच नव्हता. भिंतीत उंचावर एक खिडकीवजा दार आहे, तिथून दोर सोडून माणसांना वर ओढून घेत.

चर्चचं आतलं लाकडी दार जवळून बघा. ते जस्टिनियनच्या काळातलंच आहे. त्यावर कोरलेले प्राणी, पक्षी, फुलं अजून ओळखू येतात. छतावरच्या तुळयाही मूळच्याच, मात्र नंतर खाली सपाट छत घातल्यामुळे त्या दिसत नाहीत. त्यांवर ग्रीक लेख कोरलेले आहेत. एकात जस्टिनियनसाठी प्रार्थना आहे, दुसऱ्यात दिवंगत सम्राज्ञी थिओडोरासाठी. थिओडोरा ५४८ मध्ये गेली आणि जस्टिनियन ५६५ मध्ये, म्हणजे छत या दोन सालांच्या मधलं. काळ ठरला तो असा. तिसरा लेख मला सगळ्यात जवळचा वाटतो. तो स्टेफानोस नावाच्या बांधणाऱ्याचा आहे, आयला गावचा, म्हणजे आजचं अकाबा. स्वतःसाठी आणि बायकोसाठी तो आशीर्वाद मागतो, आणि गेलेल्या मुलांच्या आत्म्यांना शांती. सम्राटाच्या नावाशेजारी एका बापाचं दुःख कोरलेलं आहे. छताखाली उभे राहाल तेव्हा मुलांना हे जरूर सांगा.

वेदीच्या वर ख्रिस्ताच्या रूपांतराचं, म्हणजे शिष्यांसमोर तो तेजोमय झाला त्या प्रसंगाचं, मोझेक आहे, तेही सहाव्या शतकातलं. चर्चमध्ये फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. माणूस नुसता बघत उभा राहतो.

मठाच्या संग्रहालयाचं तिकीट वेगळं असतं. ते नक्की काढा. तिथल्या चित्रांतलं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ख्रिस्ताचं, मेणात रंग कालवून लाकडी फळीवर काढलेलं. चेहऱ्याचे दोन अर्ध बघा. आशीर्वाद देणाऱ्या हाताच्या बाजूचा अर्धा चेहरा शांत आहे. ग्रंथ धरलेल्या बाजूला भुवई चढलेली, नजर कडक. करुणा आणि न्याय एकाच तोंडावर! ८व्या-९व्या शतकांत बायझंटाइन साम्राज्यात अशी चित्रं हुकूम काढून नष्ट केली गेली. सीनाय तोवर मुसलमानी राज्यात गेलं होतं, सम्राटाचा हुकूम इथे चालत नव्हता, म्हणून ही वाचली.

आणि तटाच्या आत मशीदही आहे, इजिप्तवर राज्य केलेल्या फातिमी खलिफांच्या काळातली, चर्चच्या घंटाघराजवळच. मठाला पैगंबरांनी संरक्षण दिल्याचं पत्र साधूंकडे आहे. मूळ पत्र ओटोमन सुलतान सलीमने १५१७ मध्ये इस्तंबूलला नेलं आणि त्यांना नक्कल दिली, अशी परंपरा आहे. पत्राच्या अस्सलपणावर अभ्यासक वाद घालतात. पण मठाची राखण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी केली ते जबालिया टोळीचे बदू (वाळवंटातले अरब) मुसलमान आहेत, आणि जस्टिनियनने मठाच्या रक्षणासाठी पाठवलेल्या माणसांचे आपण वंशज, असं ते सांगतात. डोंगरावरचे वाटाडे आणि उंटवाले तेच. त्यांच्याशी बोला.

आई-बाबांना जरूर आणा. मठ डोंगराच्या पायथ्याशी आहे, गाडीतळापासून थोडंच चालावं लागतं. मात्र उंची दीड हजार मीटरच्या वर, तेव्हा शर्ममध्ये उकडत असलं तरी स्वेटर हवाच. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मठ फक्त सकाळी काही तास उघडतो आणि शुक्रवारी, रविवारी बंद असतो.

---

प्रेषक: एक सभासद (मूळ वसई)

ताई, फार छान लिहिलंत. त्यात आमच्या बाजूची एक भर घालतो.

सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी होता, पुढे साधू झाला म्हणतात. तो सीनायच्या वाळवंटात फिरला होता, खडकांवरचे लेख त्याने पाहिले होते. त्याच्या ग्रंथात ‘कल्लियाना’ नावाचं बंदर येतं. तिथून तांबं, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जातं आणि तिथे पर्शियाहून नेमलेला बिशप आहे, असं तो लिहितो. काही अभ्यासक त्याला केरळचं कोल्लम म्हणतात, पण बरेच जण आपलं कल्याणच मानतात. तांबं आणि शिसव वाचल्यावर मलाही कल्याणच पटतं. या ग्रंथाच्या ज्या मोजक्या जुन्या हस्तलिखित प्रती उरल्या, त्यांतली अकराव्या शतकातली एक याच मठाच्या ग्रंथालयात आहे.

आमच्याकडे ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांनी आणला, असं सरसकट बोललं जातं. पण १३२१ मध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन पंथाचे चार साधू मारले गेले, तेव्हा ते उतरले होते पूर्वेकडच्या चर्चच्या एका ख्रिस्ती कुटुंबात. म्हणजे वास्को द गामाच्या पावणेदोनशे वर्षं आधी ठाण्यात ख्रिस्ती घरं होती. सीनायच्या त्या कपाटात आपल्या किनाऱ्याचा उल्लेख जपून ठेवलेला आहे, हे आठवलं की माझा ऊर भरून येतो. ग्रंथालय पर्यटकांना उघडं नसतं, पण इमारतीकडे बघून तरी मनात नमस्कार करा.

आणखी एक. जळत्या झुडपाच्या जागी बांधलेल्या छोट्या चॅपेलमध्ये अनवाणी जातात, मोशेला तिथे जोडे काढायला सांगितलं होतं म्हणून. ते सगळ्यांसाठी उघडतीलच असं नाही. उघडलं तर आपल्या मंडळींना काही शिकवावं लागणार नाही. बाहेरच्या झुडपाची पानं मात्र कुणी तोडू नयेत.

---

प्रेषक: सहल समिती

ताई, दादा, दोघांचे आभार. एक शंका. मे २०२५ च्या कोर्टाच्या निकालानंतर मठ सरकारने घेतला, असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. जाण्यात अर्थ आहे ना?

---

प्रेषक: वाचनालय विभाग

निकाल झाला हे खरं. इस्माइलियाच्या न्यायालयाने जमिनीची मालकी सरकारची आणि वापराचा हक्क साधूंचा असं ठरवलं. साधूंना आणि ग्रीसमधल्या चर्चला ते फार लागलं, आणि मला त्यांचं दुःख समजतं. तिथे इतकी शतकं राहिलेल्या माणसांना ‘वापरणारे’ म्हणणं मला तरी पटत नाही. पण मठ म्हणजे संग्रहालय झालेला नाही, साधू तिथेच राहतात. निघण्याच्या आठवड्यात उघडा असल्याची खात्री करा आणि जा. पायथ्याच्या सेंट कॅथरिन गावात एक रात्र राहिलात तर सकाळी दार उघडताना तिथे असाल. शर्महून येणाऱ्या बसांची गर्दी आधीच चुकेल.

---

प्रेषक: सहल समिती

ठरलं. शुक्रवारी सकाळी निघून गावात मुक्काम. ज्यांना डोंगर करायचाय ते त्याच दुपारी जबालिया वाटाड्याबरोबर वर जातील आणि सूर्यास्त बघून उतरतील. बॅटरी प्रत्येकाने आपापली आणावी. शनिवारची सकाळ सगळ्यांनी मिळून मठात. खोल्यांसाठी माणसांची संख्या गुरुवारपर्यंत कळवा, आणि ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी इजिप्तच्या व्हिसाचं आजच बघा.